गिरणगावातल्या चाळींचा पुनर्विकास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबाग-परळमधल्या कुठल्याही चाळ समितीच्या बैठकीत थोडा वेळ बसलं, तरी खालचे बहुतेक प्रश्न कानावर येतात. काही इतिहासाचे आहेत, काही थेट बिल्डरच्या करारावरच्या सहीचे. पुनर्विकास झाला पाहिजे आणि खोलीवाला त्याच वस्तीत टिकला पाहिजे, अशा दोन्ही गोष्टी मानणाऱ्या माणसाने ही उत्तरं लिहिली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

गिरणगाव म्हणजे नक्की कुठला भाग?

महापालिकेच्या नकाशात या नावाचा वॉर्ड नाही. लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, लोअर परळ, प्रभादेवी, वरळी, नायगाव आणि शिवडी-भायखळ्याचा काही भाग, असा हा पट्टा धरतात. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला काढली, आणि पुढच्या काही दशकांत गिरण्या उत्तरेकडे सरकत गेल्या. त्यांच्या मागोमाग कोकणातली आणि घाटावरची माणसं आली. बायकामुलं गावाला आणि पुरुष मुंबईला, असे संसार होते. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. गावकीची मंडळं, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपती हे सगळं त्या राहणीतून उभं राहिलं.

हा भाग उतरणीला लागला तो 1982 च्या संपामुळेच ना?

संप हे एक कारण, पण सगळं खापर त्यावर फोडणं चूक आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण त्याआधीपासूनच बऱ्याच मालकांनी यंत्रांवर खर्च करणं थांबवलं होतं आणि कापडाचं काम भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे चाललं होतं. त्यातच शहराच्या मधोमध असलेल्या जमिनीची किंमत कापडाच्या नफ्याला मागे टाकत होती. गिरणी चालवण्यापेक्षा ती बंद असणं मालकाला परवडू लागलं, तेव्हा कामगारापुढे फारसा मार्ग उरला नाही.

घराघरांत त्याचे परिणाम वेगवेगळे झाले. कित्येक घरांत बायका पहिल्यांदा कमावू लागल्या: डबे, पोळीभाजी, शिवणकाम, कुणाकडे घरकाम. मुलं वॉचमन, कुरियर, छापखाना अशा मिळेल त्या कामाला लागली. बरीच कुटुंबं गावी परतली. जी राहिली त्यांच्याकडे चाळीची दुरुस्ती करायला पैसा नव्हता.

गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा लोकांना मिळणार होता. त्याचं काय झालं?

गिरणगावाच्या पुनर्विकासाची दिशा या एका मुद्द्यावर ठरली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत 58 कापडगिरण्या आणि त्यांच्याकडे सुमारे 600 एकर जमीन होती. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमाने सूत्र घालून दिलं: जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला (राज्य सरकारच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वेगवेगळ्या गिरण्यांच्या मोकळ्या जागा एकत्र जोडून घ्याव्यात, परळ-एल्फिन्स्टन स्थानकांच्या परिसरात लोकांना वावरायला प्रशस्त चौक ठेवावा, अशी तिची मांडणी होती. गिरण्यांकडे सुटे भूखंड म्हणून न बघता एक सलग वस्ती म्हणून बघणारा तो आराखडा होता. तो बासनात गेला, याची हळहळ आजही वाटते.

मग 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची करायची नाही, गिरणीच्या आवारात जेवढी जागा आधीपासून मोकळी होती तेवढीचीच करायची, असं ठरलं. आता गिरणीचं आवार डोळ्यांसमोर आणा. साचेखातं, गोदामं, बॉयलर, कचेरी अशी सगळी जागा बांधकामाने भरलेली. मोकळं अंगण असून असून किती असणार? शेड पाडून जी जमीन मोकळी झाली ती वाटणीतून सुटली आणि लोकांच्या वाट्याला तुकडे आले. याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला, मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यानंतर मॉल, कार्यालयं आणि टॉवर यांची रांग लागली. माझ्या मते गिरणगावाचं सर्वात मोठं नुकसान गिरण्या बंद पडण्याने झालं नाही, ते नियमातल्या त्या एका दुरुस्तीने झालं.

मग गिरणी कामगारांना घरं मिळालीच नाहीत का?

मिळाली, पण फार थोड्यांना. म्हाडाने 2012, 2016 आणि 2020 मध्ये सोडती काढल्या. 2012 च्या सोडतीत 6,925 घरं होती, 2020 मध्ये 3,894. अर्ज केलेले कामगार आणि वारस सुमारे पावणेदोन लाख. आता शेलू-वांगणीकडे घरं देण्याचा प्रस्ताव पुढे आला आहे आणि कामगार संघटनांचा त्याला विरोध आहे. हा विरोध मला समजतो. ज्याने काळाचौकीत उभा जन्म काढला, त्याला सत्तरीत कर्जत लाइनला पाठवायचं आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं, हे पटत नाही.

आमच्या चाळीचा मालक दुरुस्ती का करत नाही?

भाडं गोठलेलं असल्यामुळे. 1947 च्या भाडे कायद्याने प्रमाण भाडं 1940 च्या पातळीवर धरलं आणि पुढे ते फारसं हललं नाही. त्यातून पागडी पद्धत फोफावली, म्हणजे खोली घेताना एकरकमी मोठी रक्कम मोजायची आणि मग नाममात्र भाड्यावर राहायचं. मालकाला महिन्याचं भाडं इतकं कमी की त्यात जिन्याची एक पायरीही बदलून होत नाही, आणि भाडेकरूला वाटतं, मी पागडी मोजली आहे, वर खर्च कशाला करू? इमारती कोसळू लागल्यावर 1969 मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. भाडेकरूंकडून उपकर घेऊन मंडळाने दुरुस्ती करायची, अशी व्यवस्था. तेव्हा उपकरप्राप्त इमारती 19,642 होत्या. लाकडी खांबांना टेकू आणि गॅलरीला लोखंडी चॅनल, एवढ्यावर त्यातल्या कित्येकींनी पुढची दशकं काढली.

33(7) आणि 33(9) मध्ये फरक काय? बैठकीत सगळे आकडेच बोलतात.

दोन्ही विकास नियंत्रण नियमावलीतली कलमं आहेत. 33(7) म्हणजे उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास, एकेकटीचा किंवा शेजारच्या इमारती जोडून. त्यात निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळतं आणि 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. 33(9) म्हणजे समूह पुनर्विकास. शहर भागात किमान 4,000 चौरस मीटर क्षेत्र एकत्र आलं पाहिजे.

एकेका चाळीच्या जागी एकेक उंच सुळका उभा राहिला की रस्ता तेवढाच राहतो, गटार तेवढंच, आणि दोन इमारतींमध्ये उजेड शिरत नाही. समूह पुनर्विकासात निदान रस्ते आणि मोकळी जागा नव्याने आखता येते. भेंडीबाजारात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर चालू आहे: साडेसोळा एकर आणि सुमारे 250 जुन्या इमारती. पण इतक्या भाडेकरूंना आणि मालकांना एकत्र आणायला वर्षं जातात, आणि मधल्या काळात जुन्या इमारती थांबत नाहीत. त्याच भेंडीबाजारात 31 ऑगस्ट 2017 रोजी हुसैनी इमारत कोसळून 33 माणसं गेली.

बीडीडी चाळींची एवढी चर्चा का होते?

कारण तिथे मालक सरकार आहे आणि काम म्हाडा करते आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात 207 चाळी बांधल्या: वरळीला 121, नायगावला 42, ना. म. जोशी मार्गावर 32 आणि शिवडीला 12. वरळीच्या काही चाळी स्वातंत्र्यलढ्याच्या काळात तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापरल्या गेल्या. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत 80 खोल्या. खोली 160 चौरस फुटांची. मोरी आत, संडास बाहेर सामायिक. पोटमाळ्यावर पाहुणे आणि परीक्षेचा अभ्यास, खाटेखाली ट्रंका आणि तांदळाची कोठी, आणि झोपायला जागा नाही म्हणून तरणी पोरं बारा महिने गॅलरीत.

पुनर्विकासात प्रत्येक पात्र रहिवाशाला 500 चौरस फुटांचं घर मोफत मालकीने मिळतं. पहिलं भूमिपूजन 2017 मध्ये झालं आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीतल्या पहिल्या 556 रहिवाशांना चाव्या मिळाल्या. मधली आठ वर्षं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेली आणि काही म्हातारी माणसं नवं घर बघायला राहिली नाहीत. तरीही चाव्या मिळाल्या हे मोठं काम आहे. स्वतःचा संडास असणं म्हणजे काय, हे पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला विचारा.

शिवडीच्या 12 चाळी या प्रकल्पात नाहीत, कारण जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राची.

नव्या टॉवरमध्ये मेंटेनन्स झेपेल का?

बैठकीत सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि नंतर सगळ्यात जास्त छळणारा हा प्रश्न आहे.

पागडीच्या खोलीचं भाडं अनेक ठिकाणी अजून काही शे रुपयांच्या आत आहे. बावीस किंवा चाळीस मजल्यांच्या इमारतीला लिफ्ट लागतात, पाण्याचे पंप लागतात, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर, सुरक्षारक्षक, आणि वर मालमत्ता कर. एक हिशोब करून बघा. घर 500 चौरस फुटांचं आणि मेंटेनन्स चौरस फुटाला 8 रुपये धरला, तर महिन्याला 4,000 रुपये होतात. बिल्डरने कॉर्पस म्हणून, म्हणजे देखभालीसाठी ठेवायची एकरकमी रक्कम म्हणून, घरामागे 3 लाख दिले आणि ते 7 टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये व्याज येतं. उरलेले 2,250 रुपये खिशातून. पुढच्या दहा वर्षांत लिफ्टची मोठी दुरुस्ती आली की तो खर्च वेगळा. ज्या घरात पेन्शन नाही आणि मुलगा रोजंदारीवर आहे, तिथे हे बिल तीन महिने थकतं, मग सहा, मग सोसायटीच्या फलकावर नाव लागतं आणि जिन्यात लोक नजर चुकवू लागतात. एक दिवस दलाल दारात उभा राहतो.

म्हणून कॉर्पसचा आकडा ऐकून टाळ्या वाजवू नका. त्याचं व्याज महिन्याला किती आणि बिल किती, हे समितीला फळ्यावर मांडायला लावा. इमारतीची उंची वाढली की मेंटेनन्सही वाढतो, त्यामुळे पुनर्वसनाची इमारत किती मजल्यांची, हा प्रश्न घर किती फुटांचं याइतकाच महत्त्वाचा आहे.

लोक घरं विकून डोंबिवली-विरारला का जातात? त्यांना बळजबरी तर कुणी करत नाही.

बळजबरी नसते, हे खरं. तीन भावांत एक खोली असते, घर विकून तिघांचे वेगवेगळे संसार उभे राहतात. मुलीचं लग्न, आईचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज अशी कारणं असतात. विकणाऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. मालमत्ता हातात आली आहे आणि तिचं काय करायचं हा त्याचा हक्क आहे.

पण जाणारे सगळे मनापासून जातात असंही नाही. मेंटेनन्स झेपत नाही, खालचं वाण्याचं दुकान गेलं, आसपासची मराठी शाळा ओस पडली, भाजी महाग झाली, म्हणून जाणारेही पुष्कळ आहेत. त्यांचं जाणं टाळता येण्यासारखं असतं.

आमच्या गल्लीतल्या दुकानांचं, खानावळींचं काय होणार?

नियमाप्रमाणे अधिकृत गाळेधारकाला गाळ्याच्या बदल्यात गाळा मिळतो. अडचण मधल्या काळाची आहे. राहतं कुटुंब तीन-चार वर्षं भाड्याने लांब राहू शकतं, धंदा लांब नेता येत नाही. लालबागच्या मिरची गल्लीत मे महिन्यात जाऊन बघा. बायका बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून घेतात, देठं खुडून घेतात, शेजारीच गरम मसाला भाजून मिळतो, आणि तासाभरात कुटलेला मसाला डब्यात भरून घरी जातो. मिरचीवाला, भाजून देणारा आणि कांडपवाला हे तिघं शेजारी शेजारी आहेत म्हणून तो बाजार चालतो. त्यातला एक जरी चार वर्षं उठला, तरी बाकी दोघांचं गिऱ्हाईक तुटतं.

खानावळींचं आणखी वाईट. बऱ्याच जणी राहत्या खोलीतूनच डबे देतात, त्यामुळे त्यांची नोंद निवासी म्हणून होते. टॉवरमध्ये गेल्यावर मजल्यावरून डबे देण्यावर सोसायटी हरकत घेऊ शकते. समूह पुनर्विकासात तळमजल्यावर अशा छोट्या धंद्यांसाठी कमी भाड्याची जागा मागून घ्या. करारावर सह्या व्हायच्या आधी मागितली तर मिळण्याची शक्यता असते.

विक्रीची इमारत आणि आमची इमारत वेगळी, गेट वेगळं. हे असंच असतं का?

बहुतेक ठिकाणी असंच असतं, कारण बिल्डरला बाजारात विकायच्या फ्लॅटांचा दर टिकवायचा असतो. मधली भिंत, वेगळा रस्ता, बाग पलीकडे. नकाशा मंजूर होण्याआधी हरकत घेतली तर मोकळी जागा सामायिक ठेवता येते. नंतर भिंत पाडायला कुणी येत नाही.

एवढे टॉवर आले, मग रस्ते आणि स्टेशनं का नाही सुधारली?

कारण जमिनीचा निर्णय एकाने घेतला आणि रस्ते-रेल्वे दुसऱ्याच्या ताब्यात राहिली. गिरणीत कामगार पायी यायचा. त्याच जागेवर कार्यालयं आली, तेव्हा येणारा प्रत्येक जण लोकलने येऊ लागला, आणि पूल जुनेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं मेली. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला आणि तो पाच महिन्यांत उभा राहिला. डिलाईल रोडचा पूल 2018 च्या जुलैत बंद झाला, तो पूर्ण सुरू व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. कोरिया समितीने याच स्थानकांभोवती मोकळी जागा सुचवली होती, हे आठवलं की संताप येतो.

गणपती मंडळं टिकतील का?

मोठी टिकतील. चिंचपोकळीचा चिंतामणी 1920 पासून आहे, गणेश गल्लीचा 1928 पासून, लालबागचा राजा 1934 पासून. त्यांची नाळ शहरभर पसरली आहे आणि विरारला गेलेला कार्यकर्ताही दहा दिवस रजा टाकून येतो. काळजी आहे ती चाळीच्या अंगणातल्या छोट्या गणपतीची, संध्याकाळच्या व्यायामशाळेची, दुपारी गॅलरीत एकमेकींची पोरं सांभाळणाऱ्या बायकांची. टॉवरच्या बंद लॉबीत ती सोय आपोआप होत नाही. आराखड्यात मजल्यागणिक थोडी मोकळी जागा आणि खाली एक सभागृह मागा. वास्तुविशारदाला ते सहज जमतं, पण सांगावं लागतं.

करारावर सही करण्याआधी काय बघायचं?

पहिलं म्हणजे चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असावं आणि त्याला तुमच्या घराचा नकाशा जोडलेला असावा. “अंदाजे” हा शब्द दिसला तर सही करू नका. नवं घर देण्याची मुदत खोली रिकामी केल्याच्या तारखेपासून मोजलेली हवी. मधल्या काळाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधी हातात घ्या, आणि दरवर्षीची वाढ लिहून घ्या. बँक गॅरंटी घ्या. बिल्डर नाखूश होतो, पण गॅरंटी न देणाऱ्याच्या हाती चाळ द्यायची का, हे सर्वांनी बसून ठरवा. पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळाल्याशिवाय विक्रीच्या इमारतीचं मिळणार नाही, असं कलम टाका. रेरा या बांधकाम व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्याला जेवढं थेट संरक्षण आहे, तेवढं पुनर्वसनातल्या भाडेकरूला नाही. तुमचं संरक्षण तुमच्या करारात आहे, म्हणून तो नोंदणीकृतच हवा. वकील आणि वास्तुविशारद समितीने स्वतः नेमावा, बिल्डरने “आमचाच माणूस आहे, फी नको” म्हटलं तरी.

काम मध्येच थांबलं, भाडं बंद झालं, तर?

हे होतं. गोरेगावच्या सिद्धार्थनगरात, म्हणजे पत्राचाळीत, 672 कुटुंबांचा करार 2008 चा होता. भाडं थांबलं, घरं उभी राहिली नाहीत, आणि 2018 मध्ये म्हाडाने विकासकाला बाजूला केलं आणि पुढे काम हातात घेतलं. उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडा कायद्यात आता 91-अ कलम आहे, त्याखाली रखडलेला प्रकल्प म्हाडा ताब्यात घेऊ शकते. 79-अ वेगळं: धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंना संधी, आणि तेही झालं नाही तर म्हाडा. या नोटिसांवरून उच्च न्यायालयात वाद झाला आहे, त्यामुळे दारावर नोटीस चिकटली तर आधी वकिलाला दाखवा. आणि भाडं एक महिना चुकलं की लगेच लेखी पत्र द्या. दोन वर्षं तोंडी मागत राहिलात तर हातात कागद काहीच उरत नाही.

खोली आजोबांच्या नावावर आहे आणि घरात वारस चौघे. पात्रता यादीत नाव कुणाचं लागेल?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार निवासी जागेत मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच्यासोबत राहत होता, त्याच्याकडे भाडेकरूपद येतं. त्यावर एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं. म्हणजे गावी किंवा ठाण्याला राहणाऱ्या भावाचा दावा कमकुवत पडतो, पण भांडण मिटत नाही. आजोबांचा मृत्यूचा दाखला, भाडेपावत्या, रेशनकार्ड, मतदारयादीचे उतारे, वीजबिल आताच एका पिशवीत गोळा करा आणि मालकाकडे पावती स्वतःच्या नावावर करून मागा. सर्वेक्षणाच्या दिवशी घरात कुणी तरी हजर हवंच. आणि ज्या बहिणीने लग्न न करता किंवा माहेरी परतून शेवटपर्यंत आई-वडिलांची सेवा त्या खोलीत केली, तिचं नाव कागदावर सगळ्यात आधी लावा. यादी जाहीर झाल्यावर हरकतीसाठी ठरावीक दिवस असतात, ती तारीख चाळीच्या फळ्यावर लिहून ठेवा.